कारल्याचं दान

सभामंडपात प्रत्येकाच्या ताटात काही ना काही होतं. फक्त चेतनाचं ताट रिकामं होतं. नवनीत पुन्हा पुन्हा बायकोच्या त्या ताटाकडे पाहत होता.

आषाढी एकादशीला लोणखेड्याच्या या मंडळींनी तळहातावर पाणी घेऊन आपापली आवडती वस्तू चार महिन्यांसाठी देवापुढे सोडली होती. पुरुषांनी मोठ्याने, बायकांनी मनातल्या मनात. आज कार्तिकातली बारस. सोडलेली वस्तू आधी दान करायची, मगच परत घ्यायची. पलीकडे दगूबाई आपल्या मिसरीच्या डबीकडे लेक सासरी निघाल्यासारखी पाहत होती. नवनीतच्या ताटात किलोभर कारली होती. कारलं त्याने जन्मात खाल्लं नव्हतं. पण देव काही घरी येऊन तपासणी करत नाही, असा कॉलेजच्या हेडक्लार्कला शोभणारा विचार त्याने केला होता.

त्याच आषाढात चेतनाने आपली गादी देवघरात हलवली. बायकोला वैराग्य आलं, हे नवनीतने ओळखलं. बेचाळिसाव्या वर्षी! भादव्याच्या उकाड्यात त्याने झोपायच्या खोलीत नवा कूलर लावला.

"तुम्ही निजा," ती देवघरातूनच म्हणाली. "माले आठे देवघरमाच बरं वाटस."

पुढे बोलायची त्याची छाती झाली नाही. बायको देवाकडे निघालेली आणि आपलं मन हे असं, कूलरपाशी घुटमळणारं. तो स्वतःला पापी समजू लागला. संध्याकाळी हरिपाठाला ती पुढे बसे, तिच्या मानेवरच्या ओल्या केसांवर नजर गेली की त्याची टाळी चुके. मग तो डोळे मिटून घेई. गावाला वाटे, नवनीतभाऊंची समाधी लागते.

आणि आता हे रिकामं ताट. दान करायचं नाही म्हणजे परतही घ्यायचं नाही. म्हणजे संसार कायमचाच सोडला की काय?

आषाढीला सगळ्यांना संकल्प सोडायला लावणारे मठातले महाराज दान घेत घेत त्याच्यापुढे थांबले. "कारली? फार आवडतात वाटतं?"

"फार," नवनीत म्हणाला. चेतनाने एकवार त्याच्याकडे पाहिलं. वीस वर्षं ती त्याचा स्वयंपाक करत होती.

महाराज पुढे सरकले. "ताई, तुमची वस्तू?"

"ती ताटमा मावत नही, महाराज."

"म्हणजे? काय सोडलं होतं?"

चेतनाने पदर डोक्यावर ओढून घेतला. कान लाल झाले होते, ते मात्र झाकले गेले नाहीत.

"जे सगळ्यात आवडस ते सोडा, तुम्हीनच सांगं व्हतं," ती म्हणाली. "मंग मी ह्यास्ले सोडं. चार महिना कशा काढात, ते मन्हं माले म्हाईत."

आणि दान म्हणून तिने नवनीतला कोपराने एक पाऊल पुढे ढकललं.

दगूबाईला ठसका लागला. वैराग्यावर तास तास बोलणाऱ्या महाराजांनी नवनीतला एकदा आपादमस्तक न्याहाळलं.

"दान पोचलं," शेवटी ते म्हणाले. "पण ही वस्तू आमच्या मठात चालत नाही. तुमची तुम्ही घरी न्या."

सगळा मंडप हसला. नवनीतने मान खाली घातली आणि खांद्यावरचं उपरणं काढून ताटातली कारली हळूच झाकली.