शाल्मलीचं बटण

"आत्या, शिरा काय मस्त झालाय! अजून दे ना!" शाल्मलीच्या गळ्यातलं बटण लाडिक आवाजात म्हणालं.

पाच वर्षांची शाल्मली मात्र कानाची पाळी चोळत होती. तिच्या तोंडून शब्द फुटत नसत. कान चोळला म्हणजे ‘नको’, ही खूण तिच्या आईनं, विदुलानं, दोन वर्षं रोज चित्रं दाखवून तिच्याकडून घटवून घेतली होती.

"तू चित्रं दाखवत बसलीस," आत्या म्हणाल्या, "आणि तिच्या बाबानं, मिलिंदनं, बटण आणल्यावर पोर आठवड्यात घडाघडा बोलायला लागली. चेहऱ्यावरून मनातलं ओळखतं म्हणे!"

त्यांनी आणखी एक घास कोंबला. शाल्मलीला उमासा आला, शिरा हनुवटीवरून ओघळला.

"थँक्यू, आत्या!" बटण खिदळलं.

त्या गोड आवाजाची विदुलाला शिसारी आली. "ताई, बास! तिला नकोय. केव्हाची कान चोळतेय ती."

"काहीतरीच काय! आत्ता तर ‘अजून दे’ म्हणाली."

विदुलानं बटण उपटून ओट्याखालच्या कचऱ्याच्या डब्यात फेकलं. मग शाल्मलीसमोर बसून तिनं स्वतःचा कान चोळला. "नको. कळलं मला."

शाल्मलीनं तिच्या खांद्याला तोंड पुसलं.

आत्या पर्स उचलून तरातरा निघाल्या. तेवढ्यात डब्यातून आवाज आला, "आत्या, परत येशील ना गं?"

आत्या थबकल्या. शाल्मलीला ओलांडून ओट्यापाशी गेल्या आणि खाली वाकल्या.

"येईन हं, माझ्या सोन्या," त्या डब्याला म्हणाल्या.