गरुड आणि कोआलाची पकड

संग्रहालयात पेंढा भरलेल्या प्राण्यांची कपाटं मांडणाऱ्या बाबांनी जेवणाच्या सुट्टीत लेकीला फोन लावला. ती प्राणिशास्त्र शिकून दूरच्या शहरात नोकरी करत होती.

"त्या माहितीफलकाचं विचारायचं होतं. गरुड आणि कोआला, दोघांचीही पकड घट्ट. मग फरक काय लिहू?"

"अहो बाबा, मागच्या आठवड्यात सांगितलं की. गरुड धरतो ते उचलून न्यायला. कोआला फांदी धरतो ते खाली पडू नये म्हणून. त्याच्या पुढच्या पंजाला दोन-दोन अंगठे असतात."

"मग सुटायची भीतीच नाही."

"झोपेतसुद्धा सुटत नाही. तुमच्या हातातल्या फोनसारखं." ती हसली. बाबाही हसले.

"आणि पिल्लांचं कसं?"

"गरुडाचं उडायला शिकलं की काही महिन्यांत निघून जातं. कोआलाचं वर्षभर आईला चिकटून असतं, पण शेवटी तेही जातंच. बाबा, ठेवू? मीटिंग आहे. एवढासा फलक लिहायला किती दिवस लावताय, साहेब रागावत नाहीत?"

"रागावतात तर. थोडंच राहिलंय, उद्या विचारतो."

फोन खिशात टाकून बाबा दालनात गेले. गरुड-कोआलाच्या कपाटासमोर एक शिक्षिका मुलांना फलक मोठ्याने वाचून दाखवत होत्या. मुलं पुढे सरकल्यावर बाबांनी रुमालाने त्यावरची धूळ पुसली. तो लावून वर्ष होत आलं होतं, आणि त्यावरचं प्रत्येक वाक्य लेकीने पहिल्या फोनवर सांगितलेलंच होतं.