मे महिन्यातला नाताळ

मिरजगावच्या बाहेर पारध्यांच्या पालांवर लग्न होतं. पत्ता कळताच बँडवाल्यांनी यायचं रद्द केलं. नवरीची आई शेवंताबाई रडवेली होऊन, गाणारे-वाजवणारे मागायला चर्चच्या दारात येऊन उभी राहिली.

पाळक याकोब म्हणाले, "आमच्या मंडळींना नुसती नाताळची गाणी येतात, बाई."

"चालत्यात की! लेक वाजतगाजत जाऊ द्या."

भर मे महिन्यात ढोलकी-झांजांवर नाताळ सुरू झाला. म्हातारीकोतारीही नाचली. नवरी तर सगळ्यांच्या पुढे.

घामाघूम शेवंताबाईनं विचारलं, "पाळकसायेब, गानं कुनाचं हाय ह्ये?"

"एका बाळाच्या जन्माचं. त्याच्या आईबापांना गावात कुणी जागा दिली नाही. बाळ गोठ्यात जन्मलं."

शेवंताबाईनं पदर खोचला आणि ती पुन्हा नाचायला धावली.

"अगं बया! म्हंजी आमच्यातलंच की त्ये!"