काठोकाठ

हात थरथरतो म्हणून हरचंद्र तांडेलाने शिडाची होडी विकली. सुकाणूचा दांडा धरला की कोपरापर्यंत कापरं भरायचं. तेव्हापासून सूनही त्याला चहा अर्धाच कप द्यायची.

नव्या मालकाने होडी दुरुस्तीला काढली, तेव्हा तो सहज बघायला गेला. मिस्त्रीने सुकाणू उतरवलं आणि बिजागरीतली पितळी खीळ उपसून त्याच्यासमोर धरली. झिजून ती काडीएवढी राहिली होती.

"काका, सुकाणू एवढं खुळखुळत होतं, तर दांडा धरणाऱ्याचा हात थरथरणारच की!"

खीळ बदलून झाली. नवा मालक होडी पाण्यात लोटू लागला. मिस्त्री कपात चहा ओतत होता.

"काठोकाठ भर," तांडेल म्हणाला.

त्याने कप सावकाश ओठांपर्यंत नेला. एक थेंबही सांडला नाही.