फळ्यापासून दूर

"शाळेत तीस पोरांत बाईंचं हिच्याकडे कधी लक्ष जाणार?" असं म्हणत वृषालीने थोरल्या, पाच वर्षांच्या शाल्मलीला शाळेत घातलंच नाही. हॉलमध्ये फळा टांगला, रंगीत खडू आणले, आणि रिक्षात कोंबून शाळेला जाणाऱ्या पोरांच्या आयांची मनापासून कीवही केली.

दिवाळीला नणंद आली तेव्हा वृषालीने तोऱ्यात फळ्यावर 'घ' काढला. "शाल्मली, सांग आत्याला, हे काय?"

"घ घराचा!" आत्याच्या मांडीवर बसलेला शाल्मलीचा तीन वर्षांचा भाऊ कैवल्य ओरडला. पुढची अक्षरंही त्यानेच ओळखली.

"वहिनी, शाळा नक्की कुणासाठी काढलीस?" नणंद हसली.

शाल्मली कोपऱ्यात तान्ह्या बहिणीच्या पाळण्याची दोरी ओढत होती. तान्ही कुरकुरली तशी तिने दुपटं चाचपलं. "आई, ओलं झालंय. तू शिकव त्याला, मी बदलते."

वृषालीच्या हातातला खडू तसाच राहिला. धडा सुरू झाला की बाळ रडू नये म्हणून आपण रोज कुणाला पाळण्यापाशी बसवत होतो, हे तिला आत्ता दिसलं.

दुपटं बदलून शाल्मली आत्याला बिलगली आणि हळूच म्हणाली, "खऱ्या शाळेत बाळांना येऊ देत नाहीत ना गं?"