तिसरा उमेदवार

ब्याऐंशी सालची गोष्ट. वाशीच्या नव्या सोसायटीत अध्यक्षपदाची निवडणूक आली आणि भजनी मंडळापुढे धर्मसंकट उभं राहिलं. खटपट करून नळाला पाणी आणतील असे शिर्के एकादशीलाही कोंबडी खात, तर दुसरे उमेदवार प्रधान देवच मानत नसत.

"मग तिसरे आपले बुवा उभे आहेत की," जयमालाकाकूंनी तोड काढली. "मत त्यांनाच देऊ. ते काही निवडून येत नाहीत. पुण्य आपल्याला लागेल, पाणी शिर्के आणतील!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. बुवा दणदणीत मताधिक्याने निवडून आले.

"बुवा, आता पाणी हो कोण आणणार?" काकू रडकुंडीला आल्या.

बुवांनी कपाळाला हात लावला. "मला काय विचारता? मी स्वतः शिर्क्यांना मत दिलं होतं!"