एकच पाहुणा

पाहुणा आजही मागे गेला होता.

उर्वीने लॅपटॉप सासऱ्यांकडे वळवला. पडद्यावर आजचा भाग कुठवर वाचला गेला ते दाखवणारी एक रेघ होती. निम्म्या भागापर्यंत ती शहाण्यासारखी उतरत आली होती आणि तिथून एकदम वर चढली होती, थेट पहिल्या ओळीवर.

"म्हणजे निम्म्यावर माझं काहीतरी बिघडतं," माधवराव म्हणाले.

रोह्याच्या वाचनालयात माधवरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं लोकांच्या हातात ठेवली होती. निवृत्त झाल्यावर ते चोरून लिहू लागले. धरमतरच्या खाडीत हरवलेल्या एका मालवाहू बार्जची लांबलचक गोष्ट होती. उर्वीचं कामच वेबसाइटचं. तिने त्यांना एक साइट करून दिली आणि दर सोमवारी एक भाग तिथे जाऊ लागला. नाव नोंदवून वाचणारे म्हणजे ते स्वतः, उर्वी, मुलगा हर्षद आणि त्यांची पेणची बहीण. बहीण नाव नोंदवून गेली ती पुन्हा फिरकली नव्हती.

शिवाय हा एक. नाव न सांगता यायचा, म्हणून साइटवर त्याच्यापुढे नुसतं 'पाहुणा' असं दिसायचं. गाव पेण असावं, एवढाच अंदाज.

"इतके महिने पाहुणा येतोय आणि तुम्ही त्याला चहा विचारला नाहीत," त्यांच्या पत्नी मालतीबाई आतून म्हणाल्या.

माधवराव हसले नाहीत. पाहुण्याची त्यांना काळजी वाटत होती. तो कधी सकाळी वाचायचा, कधी दुपारी, कधी रात्री. दहा मिनिटांत संपावा असा भाग, पण त्याला तासभर लागायचा. आजारी माणूस असणार, त्यांनी ठरवून टाकलं. अंथरुणावर पडून वाचत असेल, मधेच विसरत असेल. त्यांनी उर्वीकडून अक्षरं मोठी करून घेतली. वाक्यं तोडून लहान केली. एकदा तर भागाच्या मधोमध 'आतापर्यंत काय झालं' तेही लिहून पाहिलं. पाहुणा तिथवर आला आणि परत पहिल्या ओळीवर गेला.

"साइटचं वर्ष भरत आलंय ना," ते उर्वीला म्हणाले. "पुढचे पैसे भरू नकोस. आजारी माणसाला दमवायला कशाला लिहायचं?"

"बाबा, त्यालाच विचारू या की."

"नाव कुठे आहे त्याचं?"

उर्वीने समजावून सांगितलं. पाहुण्याच्या मोबाइलवर साइटची एक खूण राहिलेली असते. खूण ओळखीची, माणूस अनोळखी. त्याने एकदा नाव नोंदवलं की मागच्या सगळ्या फेऱ्या आपोआप त्या नावाला जोडल्या जातात. मग काय वाचलं, कुठे थांबला, सगळं त्या एका माणसाचं म्हणून दिसतं.

त्याला न सांगता असं करणं माधवरावांना चोरटेपणाचं वाटलं. म्हणून पुढच्या भागाखाली त्यांनी स्वतः मजकूर लिहिला. लेखकाला गोष्ट बंद करावीशी वाटते आहे, त्याआधी आपलं नाव कळलं तर बरं होईल. मात्र नाव दिलंत तर आपलं आधीचं वाचनही त्या नावावर दिसेल. पसंत नसेल तर राहू द्यावं.

त्याच सोमवारी उर्वीने स्वयंपाकघरातूनच हाक मारली. पाहुण्याच्या जागी नाव आलं होतं. विशाल, पेण. आणि त्या नावाखाली पहिल्या भागापासूनच्या सगळ्या फेऱ्या ओळीने लागल्या होत्या. एकही भाग चुकला नव्हता. माधवराव बराच वेळ त्या नावाकडे बघत बसले.

उर्वीने त्याला ईमेल धाडला, उत्तरही लगेच आलं. तो रोह्याच्या पुढे धाटावला कंपनीत होता. शिफ्ट बदलत असते, पुढच्या सोमवारी सकाळची आहे, पेणहून कंपनीच्या गाडीने येतो. काकांनी रोह्याच्या नाक्यावर उभं राहावं, गाडी थांबवतो. खाली आणखी एक ओळ होती. गोष्ट बंद करू नका.

"बघा, धडधाकट आहे," मालतीबाई म्हणाल्या.

पण त्यामुळे माधवरावांची काळजी वाढली. आजारी नसेल, तर दोष सगळा लिहिण्यातच होता.

त्यांनी आतापर्यंतचे सगळे भाग छापून घेतले, बांधून घेतले, आणि पहिल्या पानावर हळू हळू लिहिलं: 'माझ्या एकुलत्या एक वाचकाला.' सोमवारी त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला.

"मला बघायला आला होतात, तेव्हाही एवढे नटला नव्हतात," मालतीबाई म्हणाल्या.

नाक्यावर ते वेळेच्या खूप आधी पोचले. काय विचारायचं ते मनात घोकत राहिले. मग कंपनीची गाडी आली आणि बाजूला येऊन थांबली. निळ्या शर्टातला एक तरुण उतरला आणि ते नको नको म्हणेपर्यंत त्यांच्या पाया पडला.

"विशाल ना?"

"व्हय, काका."

त्यांनी पुस्तक त्याच्या हातात दिलं. गाडीच्या या बाजूच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं वाकून बघत होती. आपल्यापायी या लोकांना उशीर होतोय, या विचाराने माधवराव आणखीच संकोचले.

"एवढंच सांगा," ते घाईने म्हणाले. "निम्म्यावर आलात की तुम्ही पुन्हा पहिल्यापासून का वाचता? तिथं काय कळत नाही?"

विशालने पहिलं पान उघडलं. त्यावरची ओळ वाचली. मग मागे वळून गाडीकडे पाहिलं आणि लाजल्यासारखा हसला.

"कळतं की सगळं, काका. पण निम्म्यावर आलो की नागोठणं येतं. तिथं अर्धी गाडी चढते, नि ती मंडळी म्हणतात, आमच्यासाठी पहिल्यापासून वाच."